नोव्हेंबरमधली चूक आणि मार्चमधली चूक

गेले तीन आठवडे मी एकाच मुलाचे सामने बघतेय. त्याचं नाव इथे लिहिणार नाही. अठरा वर्षं आणि काही महिने वय, ६ फूट १० इंच उंची, अमेरिकेतल्या एका कॉलेजात पहिलंच वर्ष. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा दिवस, तोंडावर आलाय आणि त्याच्याबद्दल लोक दोन टोकांचं बोलतायत. कुणाला तो पहिल्या पाचात हवाय, तर कुणी म्हणतं, पहिल्या फेरीत त्याच्या वाटेलाही जाऊ नका. शब्द मात्र दोन्हीकडचे लोक एकच वापरतात. कच्चा.

या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. शाळेत मी वर्गात सगळ्यात उंच होते, म्हणून मला संघात घेतलं. सरांनी पहिल्याच दिवशी बास्केटखालची एक जागा दाखवली आणि सांगितलं, इथे उभी राहा, बॉल आला की वर टाक. चार वर्षं मी त्या जागेवर उभी होते. ड्रिबल कुणी शिकवला नाही, उंच मुलीला ड्रिबल कशाला? शेवटच्या वर्षी समोरच्या संघात माझ्याइतकीच उंच एक मुलगी आली. ती बॉल घेऊन पळत होती, थांबत होती, वळत होती आणि मला तिच्यासमोर पाय कुठे टाकायचे तेच कळत नव्हतं. सामना संपल्यावर कुणीतरी म्हणालं, ही अजून कच्ची आहे. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण ते वाक्य मला अजून खोटं वाटतं. मला शिकवलंच नव्हतं. म्हणून कुणी एखाद्या मुलाला कच्चा म्हटलं की मला आधी हेच जाणून घ्यायचं असतं की त्याला आजवर काय शिकवलं गेलं आणि ते त्याने किती दिवसांत उचललं.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. १९९४ साली जन्मलेल्या, पुढे एनबीएत मोठ्या झालेल्या तीन मुलांचे पाय बास्केटबॉलवाल्यांना पाळण्यात अजिबात दिसले नव्हते. यानिस अँटेटोकुंम्पो ग्रीसमध्ये दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये, फिलाथलिटिकोस नावाच्या छोट्या क्लबकडून खेळत होता. २०१३च्या ड्राफ्टमध्ये मिलवॉकीच्या संघाने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं. जोएल एम्बीड कॅमेरूनमध्ये व्हॉलीबॉल खेळत वाढला, २०१४ला तो तिसरा गेला. पास्कल सियाकामही कॅमेरूनचाच. सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकणारा हा मुलगा वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास एका शिबिरात बास्केटबॉलकडे वळला. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं २०१६ला, सत्ताविसाव्या क्रमांकावर, बाविसाव्या वर्षी. तिघांच्या ड्राफ्टच्या वर्षात केवढा फरक! ड्राफ्टच्या याद्या बघताना वयाचे महिने मोजायची सवय मला या तिघांमुळे लागली. पण नुसतं वय पुरत नाही. बावीस वर्षांच्या सियाकामच्या हातात बॉल किती वर्षं होता, तेही मोजायला हवं. तसं मोजलं तर तो वर्गातला लहान मुलगाच होता.

यातला मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो एम्बीड. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या कॉलेजचा, कॅन्ससचा हंगाम सुरू झाला तेव्हा तो बेंचवरून यायचा. जानेवारी सरेपर्यंत, ड्राफ्टमध्ये पहिला हाच घ्या, असं लोक म्हणायला लागले होते. दोन-अडीच महिने! तेवढ्यात कुणाची उंची वाढत नाही की हात लांब होत नाहीत. पाय बदलले होते. बास्केटला पाठ करून उभं राहिल्यावर कोणत्या पायावर वळायचं, वळल्यावर कुणाकडे बघायचं, हे तो आठवड्याला नवीन शिकून येत होता. पुढे पाठ दुखावली, ड्राफ्टच्या तोंडावर पायाचं हाड मोडलं, फिलाडेल्फियाने घेतल्यावर दोन अख्खे हंगाम तो एकही सामना खेळला नाही. आणि २०२३चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, तोच.

तेव्हापासून मी कच्च्या मुलाचे सामने सुटे सुटे बघत नाही. हंगामाच्या सुरुवातीचे चार आणि शेवटचे चार शेजारी ठेवते, मधले दोन-तीन चाळते, आणि एकच चूक शोधत जाते.

या मुलाची चूक सांगते. बॉल उजव्या बाजूला आहे. हा डावीकडे, त्याचा माणूस डाव्या कोपऱ्यात तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा. तिकडे पिक अँड रोल होतो, म्हणजे एक उंच गडी बॉलवाल्याला अडवणाऱ्याच्या वाटेत उभा राहून स्क्रीन लावतो आणि मग बास्केटकडे धाव घेतो. याने आत सरकून त्या गड्याला अंगाने अडवायचं, आणि पास कोपऱ्यात गेला की परत आपल्या माणसाकडे जायचं. सगळा मिळून दोन सेकंदांचा मामला. नोव्हेंबरमध्ये हा बॉलकडे बघत उभा राहायचा, डंक होऊन बॉल आत गेल्यावर मान वळायची. डिसेंबरमध्ये आत जायला लागला, पण अर्धा सेकंद उशिरा, मग हात लागून फाउल. जानेवारीत वेळेवर आत, पण परत येताना इतका सुसाट यायचा की शूटरने नुसती हूल दिली तरी हा त्याच्या बाजूने निघून प्रेक्षकांच्या खुर्च्यांपाशी पोचायचा. मार्चमध्ये शेवटची तीन पावलं छोटी, कंबर खाली, एक हात वर. शूटरने तरी शॉट मारला आणि तो आत गेला.

स्कोअरशीटवर चारही महिन्यांची नोंद सारखीच आहे. समोरच्या संघाचे गुण. मला मात्र त्या चार चुका एकीपेक्षा एक मोलाच्या वाटतात, कारण एकही चूक दुसऱ्यांदा तशीच झालेली नाही. आधीचा धडा घेऊन तो पुढच्या चुकीपर्यंत पोचलाय. ज्या मुलाची मार्चमधली चूक हुबेहूब नोव्हेंबरमधल्यासारखी असते त्याला मी खाली ढकलते, मग तो कितीही उंच उडो.

उडण्याचं कौतुक मलाही आहे. शिकागोला मे महिन्यात कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची चाचणी होते, तिथे अनवाणी उंची, विंगस्पॅन म्हणजे पसरलेल्या हातांची लांबी, उभ्याने हात कुठवर पोचतो, उडी, पळणं, सगळं मोजतात. विंगस्पॅन आणि उभ्याचा हात मी नेहमी लिहून घेते, कारण ते खेळात दर मिनिटाला कामी येतं. बाकीच्या बाबतीत मला २००७ आठवतं. केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांची बेंच प्रेस एकदाही उचलता आली नव्हती. तो दुसरा गेला आणि पुढे लीगमधल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंपैकी एक झाला. आणि पुढे एमव्हीपी झालेला निकोला योकिच? ना उडी, ना वेग, २०१४ला एकेचाळिसावा. त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती. कोण कुठे मोकळा होणार हे त्याला आधी दिसायचं, आणि ते मोजायची पट्टी कंबाइनमध्ये नसते.

शूटिंगबद्दल माझं मत ठाम आहे. कच्च्या मुलाचे तीन गुणांचे आकडे मी जवळजवळ सोडून देते. कॉलेजच्या एका हंगामात तो असे शॉट मारून मारून किती मारणार? चार-पाच इकडचे तिकडे झाले की टक्केवारी पार बदलते. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, बघावेत. तिथे अंगावर कुणी नसतं, अंतर तेच, बॉल तोच. क्वाय लेनर्ड सॅन डिएगो स्टेट या कॉलेजात दोन वर्षं होता, तिथे त्याचे तीन गुणांचे शॉट जेमतेम पंचवीस टक्के आत जायचे, फ्री थ्रो मात्र पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास. २०११ला तो पंधरावा गेला, सॅन अँटोनियोने त्याच्यासाठी जॉर्ज हिलसारखा कामाचा गार्ड दिला, त्यांचे शूटिंगचे प्रशिक्षक चिप एंगेलंड यांनी त्याच्या शॉटवर मेहनत घेतली आणि पहिल्याच हंगामात त्याने ३७.६ टक्के मारले. हातात मुळात काहीतरी होतं. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून?

या मुलाचे फ्री थ्रो मी आवाज बंद करून बघितले. टक्केवारी साधारणच आहे. पण मनगट सुटतं तेव्हा बॉल मागच्या बाजूला एकसारखा फिरत जातो, आणि चुकतो तेव्हा लांब किंवा आखूड पडतो, डावी-उजवीकडे क्वचितच. अशा चुका मला चालतात. पायांची ताकद वाढली, दमछाक कमी झाली की आखूडपणा जातो. कोपर बाहेर पडून बॉल बाजूला जात असेल तर ते निस्तरायला फार वेळ लागतो.

यानिसबाबत फ्री थ्रोची कसोटी खरीच ठरली, ते डळमळीत होते आणि तो शूटर झाला नाही. पण २०२१च्या फायनल्सच्या सहाव्या सामन्यात त्याने १९ पैकी १७ फ्री थ्रो टाकले, ५० गुण केले आणि मिलवॉकी जिंकलं. ती रात्र आठवली की अजून अंगावर काटा येतो.

आता कच्च्या मुलाचं मोल ठरवायची दुसरी बाजू, जिच्यावर मुलाचा काहीच ताबा नसतो. पहिल्या फेरीतल्या मुलाचा करार चार वर्षांचा, त्यातली पहिली दोन पक्की. तिसऱ्या वर्षी ठेवायचं की नाही, हे संघाला दुसरा हंगाम सुरू होतानाच, ऑक्टोबरअखेर सांगावं लागतं. म्हणजे हातात असतो फक्त एक हंगाम. तीन वर्षांनी तयार होणाऱ्या मुलाचा फैसला एका वर्षात! शिवाय पाचव्या वर्षी तो बहरला तर कदाचित दुसऱ्याच कुणाच्या अंगणात बहरतो.

म्हणून कोणत्या संघाकडे जातोय हे बघितल्याशिवाय मी कच्च्या मुलाचा क्रमांक पक्का करत नाही. २००३ला डेट्रॉइटने डार्को मिलिचिचला दुसरा घेतला, तो तेव्हा जेमतेम अठराचा. कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड हे पुढे तारे झालेले तिघे त्याच्यामागून गेले, म्हणून त्याचं नाव आजही चेष्टेने घेतात. मला ती चेष्टा सहन होत नाही. तो गेला तो संघ पुढच्याच वर्षी अजिंक्य झाला. अशा संघात अठरा वर्षांच्या मुलाला चुकायला जागा कुठून मिळणार? पहिल्या हंगामात ३४ सामने, सरासरी पाच मिनिटंसुद्धा नाहीत. यानिस ज्या मिलवॉकीत गेला तो संघ त्या वर्षी ६७ सामने हरला. तिथे तो ७७ सामने खेळला, सरासरी २४ मिनिटांहून जास्त. सरासरी गुण फक्त ६.८, पण चुका पोटभर केल्या. डार्को मिलवॉकीसारख्या ठिकाणी गेला असता तर मोठा झाला असता असं मी म्हणत नाही, पण निदान तो काय आहे ते कळलं तरी असतं.

ब्रूनो काबोक्लोचंही तसंच. २०१४ला टोरोंटोने ब्राझीलच्या या अठरा वर्षांच्या मुलाला विसावा घेतला, आणि हा तयार व्हायला दोन वर्षं लागतील अशा टप्प्यावर पोचायलाच याला दोन वर्षं लागतील, असं टीव्हीवरचे विश्लेषक फ्रॅन फ्रॅशिला म्हणाले. वाक्य गाजलं. काबोक्लो टोरोंटोत काही जमला नाही, चौथ्या हंगामात त्याला सॅक्रामेंटोला पाठवलं. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये ब्राझील अमेरिकेविरुद्ध हरलं त्या सामन्यात त्याने ३० गुण केले. ड्राफ्टनंतर दहा वर्षांनी.

आणि सतनाम सिंग. २०१५ला डॅलसने बावन्नावा घेतला तेव्हा मी रडले होते. पंजाबातल्या खेड्यातून चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेलेला ७ फूट २ इंचांचा मुलगा, भारतात जन्मून ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिलाच. पण त्याच्या नऊच दिवस आधी गोल्डन स्टेट अजिंक्य झालं होतं, आणि फायनल्समध्ये त्यांनी बास्केटखाली खेळणाऱ्या आपल्या उंच सेंटरला बसवून त्याच्याहून बुटक्या इग्वोडालाला सुरुवातीला उतरवलं होतं. खेळ बास्केटखालून उठून रेषेबाहेर चालला होता. सतनामला जे उत्तम जमायचं त्याची मागणीच उतरत होती. तो एनबीएखालच्या लीगमधल्या टेक्सास लेजंड्सकडून खेळला, एनबीएच्या एकाही सामन्यात उतरला नाही. बास्केटखाली उभं राहायला शिकवलेल्या माणसाचं दुःख मला जरा जास्तच कळतं.

माझ्या वहीत हा मुलगा सध्या अकरावा आहे. हरणाऱ्या, धीर धरणाऱ्या संघाकडे जाणार असेल तर सहावा. यंदाच जिंकायची घाई असलेल्या संघाकडे जाणार असेल तर मी त्याला विसाच्या आत घेणार नाही. लोकांना हे आकडे विचित्र वाटतील.

काल रात्री त्याचा शेवटचा सामना पुन्हा लावला. त्या मार्चच्या शॉटनंतर टाइमआउट झाला. सगळे प्रशिक्षकांभोवती गोळा झाले, हा मात्र कडेला सहायकाशी बोलत होता. कॅमेरा दोनच सेकंद तिकडे गेला. याने डावा तळहात आडवा धरला होता, त्यावर उजव्या हाताची दोन बोटं चालवत होता, आत, बाहेर, मग थांबला आणि बोटं जरा अलीकडे ठेवली. सहायकाने ती बोटं धरून अजून इंचभर अलीकडे सरकवली. मी तेवढा तुकडा सात-आठ वेळा मागे नेऊन बघितला.