विचित्रपणा सिनेमाचा की डिस्कचा?

‘ओम दर-ब-दर’ पहिल्यांदा बघणाऱ्याला पंधरा-वीस मिनिटांत शंका येतेच, की हा सिनेमाच असा आहे की आपल्या हाती आलेली प्रत बिघडलेली आहे. चित्र एकीकडचं, आवाज दुसरीकडचा. वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि रेडिओ सुरू होतो. पुष्करच्या पाण्यात श्वास रोखून धरणारा मुलगा, हिरे गिळलेले बेडूक, ज्योतिष सांगणारे बाबूजी. कमल स्वरूप यांचा हा सिनेमा १९८८चा, पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाचा. तो बर्लिनला दाखवला गेला, पण आपल्याकडे चित्रपटगृहात लागला तो थेट १७ जानेवारी २०१४ला, डिजिटल डागडुजी झाल्यावर. मधली पंचवीस वर्षं तो व्हीएचएस कॅसेटच्या कॉपीच्या कॉपीवर जगला, आणि त्याची ‘काहीच कळत नाही’ ही ख्याती बरीचशी त्या कॉप्यांनीच कमावून दिली, असं आमचं मत आहे.

साध्या कौटुंबिक सिनेमाची डिस्क वाईट निघाली तर बघणाऱ्याला ते लगेच कळतं. सासू दारातून आत आली आणि पुढच्या क्षणी पलंगावर बसलेली दिसली, की मधलं काही उडालंय हे सांगावं लागत नाही. सररिअल, म्हणजे स्वप्नासारख्या तर्काने चालणाऱ्या सिनेमात ही सोय नसते. तिथे उडी दिग्दर्शकाची की गहाळ झालेल्या फुटेजची, आवाज जाणूनबुजून दाबलेला की टेपवर घासला गेलेला, हे ओळखायला कथेचा आधारच नाही. त्यामुळे वाईट प्रतीचं सगळं पाप सिनेमाच्या माथी जातं. सिंधुदुर्गात तर याची जास्तच चीड येते. रात्रभर दशावतार बघणाऱ्या माणसाला संकासुर का आला, मध्येच विनोद कुठून आला, हे समजावून द्यावं लागत नाही. विचित्र गोष्टींना तो बिचकत नाही. त्याला अडतं ते ऐकू न आलेल्या बोलण्यापाशी.

सगळ्यात फसवा दोष म्हणजे धूसर केलेला भाग. दिग्दर्शक होडोरोव्हस्कीचे ‘एल तोपो’ (१९७०) आणि ‘द होली माउंटन’ (१९७३) निर्माता अ‍ॅलन क्लाइनशी बिनसल्यामुळे वर्षानुवर्षं अधिकृतपणे मिळत नव्हते. त्यांची डीव्हीडी आली २००७मध्ये. तोवर ज्या चोरट्या प्रती फिरत होत्या, त्यांतल्या बऱ्याच जपानी लेझरडिस्कवरून उतरवलेल्या होत्या आणि तिथल्या नियमांप्रमाणे नग्न देहांवर धूसर ठिपके फिरत असत. असल्या सिनेमात तो ठिपकासुद्धा प्रतीक वाटू शकतो! याच्या उलट ‘मलहॉलंड ड्राइव्ह’च्या डीव्हीडीवर एका दृश्यात जो धूसर भाग आहे, तो दिग्दर्शक डेव्हिड लिंचने स्वतः करवून घेतलेला. त्याच डिस्कवर चॅप्टरही नाहीत, कारण सिनेमा तुकड्यांत बघितला जाऊ नये अशी त्याची इच्छा. म्हणजे दोष धरण्याआधी त्या प्रतीचा इतिहास शोधायचा. मग मोजमाप.

मोजमाप लांबीपासून सुरू करा. ‘ओम दर-ब-दर’ १०१ मिनिटांचा आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची टेप २५ने. टेपवर उतरवताना बहुतेक वेळा सरळ वेग वाढवतात, म्हणजे १०१ची ९७ मिनिटं होतात. तुमच्या फाइलची लांबी ९७च्या आसपास असेल तर काही कापलेलं नाही, फक्त सगळं चार टक्के घाईत चाललंय आणि आवाज ०.७ सेमीटोनने, म्हणजे अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी, चढलाय. ९७पेक्षाही कमी भरली तर मात्र शोध घ्या. ३५ मिमीचं १,००० फुटांचं रीळ ११ मिनिटांचं असतं. तूट त्याच्या जवळपास असेल तर अख्खं रीळ गेल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. एक-दोन मिनिटांची तूट बहुधा रिळांच्या टोकांची असते. प्रोजेक्टरवर चढवता-उतरवता तीच झिजतात, तुटतात.

वेग दुरुस्त करणं सोपं. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये चालण्याचा वेग ०.९६ ठेवा आणि ऑडिओच्या सेटिंगमधलं ‘टाइम-स्ट्रेचिंग’ बंद करा. ते चालू राहिलं तर लांबी बरोबर येते, पण सूर चढलेलाच राहतो. या सिनेमाची गाणी ऐकायची असतील तर एवढा खटाटोप कराच.

आता चित्र. हलत्या दृश्यावर थांबवा आणि ‘ई’ कळ दाबत एकेक चित्र पुढे न्या. कडांना फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर ते इंटरलेसिंग, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं एकत्र दिसणं. ‘डी’ कळ दाबून डीइंटरलेस चालू करा, पद्धत ‘याडिफ’ निवडा, रेघा जातील. तीन चित्रं स्वच्छ आणि दोन दातेरी असा क्रम फिरत असेल तर तो एनटीएससीचा (अमेरिकी टीव्हीची पद्धत, सेकंदाला सुमारे ३० चित्रं) ३:२ पुलडाउन, म्हणजे २४ची ३० करायची युक्ती. तोही हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या ‘डिटेलिसाइन’ने पूर्ण उलटवता येतो, मूळची २४ चित्रं जशीच्या तशी परत मिळतात.

खरं दुखणं वेगळं आहे आणि ते आपल्याकडच्या डिस्कांत फार दिसतं. परदेशातल्या भारतीयांचा बाजार डोळ्यांपुढे ठेवून कित्येक डीव्हीडी एनटीएससीत काढल्या गेल्या, पण त्यामागची मास्टर, म्हणजे मूळ प्रत, होती पाल बीटाकॅम टेप. २५चं सुमारे ३० करताना शेजारची दोन चित्रं एकमेकांत कालवली जातात. थांबवून बघितलं की माणसाला चार हात, दोन नाकं, सगळं अर्धपारदर्शक. यावर डीइंटरलेस चालत नाही, कारण ते भूत चित्रातच मुरलेलं असतं. ओळखायची खूण अशी की, फाइलची माहिती सांगणारं मीडियाइन्फो हे सॉफ्टवेअर ७२०×४८० आणि २९.९७ दाखवतं, पण लांबी ९७ मिनिटंच असते. एनटीएससीत लांबी कमी व्हायचं कारणच नाही. म्हणजे माल पाल टेपवरून आलाय. अशा डिस्कवर रात्री घालवू नका, दुसरी प्रत शोधा.

चौकटीसाठी गोल वस्तू बघा. चाक, ताट, चंद्र, काहीही. अंडाकृती असेल तर ‘ए’ कळेने प्रमाण बदला. रुंद पडद्याच्या सिनेमात आणखी एक लबाडी असते. २.३५:१चा सिनेमा पाल डीव्हीडीवर अ‍ॅनामॉर्फिक पद्धतीने, म्हणजे आडवं दाबून, बसवला तर ५७६पैकी सुमारे ४३६ रेषा चित्राच्या वाट्याला येतात. जुन्या ४:३ चौकटीत वरखाली काळ्या पट्ट्या छापून बसवला तर जेमतेम ३२७. टीव्हीवर ‘झूम’ केलं की चित्र पडदाभर होतं खरं, पण तपशील त्या ३२७ रेषांचाच. व्हीसीडीचं तर बोलायलाच नको: ३५२×२८८, चित्राला सेकंदाला १,१५० किलोबिट. धूर, पाणी, गर्दी आली की चौकोनच चौकोन. वर कोपऱ्यात कंपनीचा लोगो, तोही शेवटपर्यंत. पुष्करच्या घाटावर एखाद्या व्हिडिओ कंपनीचं बोधचिन्ह तरंगताना बघून कुणी त्यात अर्थ शोधला तर त्याला हसू नये.

काळोखी दृश्यं राखाडी दिसत असतील किंवा डांबरासारखी एकरंगी काळी होत असतील, तर डिस्कला शिव्या देण्याआधी टीव्हीच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये बघा. व्हिडिओत काळा १६ आणि पांढरा २३५ धरतात, संगणक ० ते २५५ धरतो. एका टोकाला ‘लिमिटेड’ आणि दुसऱ्याला ‘फुल’ असलं की हा घोळ होतो.

सबटायटल हळूहळू मागे पडत असतील तर तेही त्या २४-२५चंच प्रकरण. एका तासाला २ मिनिटं २४ सेकंदांचा फरक पडतो. ‘जी’ आणि ‘एच’ कळांनी ढकलत बसू नका, ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम-रेट (सेकंदाला किती चित्रं) २४वरून २५ करा, एकदाच.

आता टेपा. कोकणात अजूनही पोटमाळ्यावर, कपाटाच्या खालच्या खणात व्हीएचएस निघतात आणि त्यांत कधीकधी दुसरीकडे न मिळणारं काही असतं. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. बुरशी धरायला ती सत्तरच्या पुढे गेली तरी पुरतं. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली, तर ती टेप व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते.

अशी टेप आधी सुकवायची. २० लिटरचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक स्वस्तातला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र). आठवडाभर डबा उघडायचा नाही. ओली बुरशी पुसायला गेलात तर टेपभर फासली जाते, सुकलेली झटकली जाते. नंतर खालचे पाच स्क्रू काढून कवच उघडा, गुंडाळ्या दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवा आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून टेप हळूहळू गुंडाळून घ्या. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते नको. हे काम घरात करू नका, खळ्यात करा, तोंडाला मास्क लावून. जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओलं झालं की हिरवट-काळं पडतं. ते जुन्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर हलवत पुन्हा नारिंगी करता येतं. तवा मात्र त्यालाच राखून ठेवा, त्यावर परत भाकरी नाही. निळं जेल कोबाल्टचं, विषारी. टाळा.

टेप उतरवून घेताना ७२०×५७६, इंटरलेस्ड, आणि काहीही न गाळणारा हफवाययूव्हीसारखा कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत). तासाला साधारण ३० ते ३५ जीबी लागतात. चित्र थरथरत असेल तर व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड (टेपचा सिग्नल संगणकात घेणारं यंत्र) यांच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून बघा. काही मॉडेलं आरपार जाणाऱ्या सिग्नलच्या ओळी सरळ करतात. व्हीएचएसवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा आणि रंगाचा त्याहून कितीतरी कमी. प्रत्येक कॉपीत रंग आकृतीपासून थोडा खाली सरकतो. ओठांचा लाल हनुवटीवर दिसला, की बऱ्याच हातांतून आलेली कॉपी समजा. खरखर काढायचं सॉफ्टवेअर उतरवताना चालू ठेवू नका. ‘ओम दर-ब-दर’सारख्या सिनेमात मागे कुठेतरी रेडिओ, लाउडस्पीकर, कुजबुज चाललेली असते. सॉफ्टवेअर तिलाच खरखर समजून पुसतं आणि सिनेमा आणखी दुर्बोध होतो. स्वच्छ करायचंच तर नंतर, कॉपीवर.

डिस्कांचं थोडक्यात. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं तर ओरखडा मार्गाच्या दिशेने जातो आणि डेटा सलग जातो. थिनर, अ‍ॅसिटोन मुळीच नाही. व्हीसीडी दिव्यासमोर धरा: टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर वरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर गेला, तो परत येत नाही. डीव्हीडीत तो थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे खारी हवा कडेच्या गोंदातून शिरते आणि बिघाड बाहेरून आत येतो. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून एका थराच्या डिस्कवर आधी सिनेमाचा शेवट अडतो. एसी खोलीतून काढलेली डिस्क दमट माजघरात लगेच लावू नका, तासभर पेटीतच राहू दे.

गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमानी आले की खळ्यात चादर बांधून सिनेमा दाखवायची हौस येते. डीव्हीडीच्या प्रतीला चादर फार मोठी करू नका. चित्राच्या उंचीच्या पाच-सहापट अंतरावर पहिली रांग बसली की दोष सोसतात. चार फूट उंच चित्राला म्हणजे वीस-पंचवीस फूट. आवाजावर चित्रापेक्षा जास्त खर्च करा. वीज गेल्यावर स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर चालवला तर गुणगुण येते, आणि या सिनेमात ती गुणगुण कुणालाच परकी वाटत नाही, हीच अडचण. साइन-वेव्ह इन्व्हर्टर घ्या किंवा बॅटरीवरचा स्पीकर लावा.

चार लोकांना बोलावून दाखवायचं तर हक्कधारकाची परवानगी लागते. ‘ओम दर-ब-दर’साठी एनएफडीसीला लिहायचं. त्याच पत्रात डागडुजी केलेल्या आवृत्तीची डिजिटल प्रत मागा, आणि ती कोणत्या फ्रेम-रेटची आहे हेही आधीच विचारून ठेवा.