दगडफूल झाडावर लागतं हे मला बिनसरला कळलं

आमच्याकडे सावजी मसाल्याचं सामान नागपूरच्या इतवारी बाजारातूनच येतं, आणि त्यात ते राखाडी, चुरगळलेलं दगडफूल असतंच. लहानपणापासून डब्यात बघितलेलं. ते जिवंत कसं दिसतं हे कळायला या मे महिन्यात आईला घेऊन पार उत्तराखंडात, अल्मोड्याच्या पुढे बिनसरच्या जंगलात जावं लागलं.

नागपुरात 45 डिग्री, कूलरही गरम हवा फेकत होता, आणि बिनसरला अंगावर स्वेटर! झिरो पॉइंट, म्हणजे तिथलं डोंगरमाथ्यावरचं टोक, सुमारे 2400 मीटरवर आहे, त्या वाटेला लागलो आणि थोड्याच वेळात ऊन दिसेनासं झालं, दोन्ही बाजूंना नुसते बांज, म्हणजे हिमालयातला ओक. आपल्या सागासारखा सरळसोट नाही, वाकडा, गाठाळ, खोडावर शेवाळ आणि नेचे. पानं वरून गर्द हिरवी पण उलटी केली की पांढरी, वारा आला की अख्खा उतार पांढरा होतो, मी किती वेळ तेच बघत होते.

एका फांदीला राखाडी झालरी लोंबत होत्या. आई म्हणाली, "अगं, हे तर दगडफूल!" गाईडदादा म्हणाले, हां माताजी, इसे हम झूला बोलते हैं. दगड नाही की फूल नाही, बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात, बुरशी घर देते आणि शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. वाढतं इतकं हळू की वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. 1988 पासून हे अभयारण्य आहे, तोडायचा प्रश्नच नाही. आईने नुसतं बोट लावून बघितलं.

पुढे कलीज कोंबड्यांची जोडी पाचोळा उकरत होती, आणि पिवळ्या गळ्याचा एक मार्टेन, मुंगसासारखा दिसणारा प्राणी, फांदीवरून असा सुर्रकन गेला की फोटो काढणं शक्यच नव्हतं. बांजाखालचा पाचोळा हाताला ओला लागतो. खाली चीडचं, म्हणजे पाइनचं जंगल लागलं तिथे सुया वाळून कडकडीत, पाय सरकत होते, आग तिथेच धरते. 2024 च्या जूनमध्ये याच बिनसरमध्ये वणवा विझवताना वनखात्याची माणसं गेली, दादा ते सांगताना थांबले, आम्हीही काही बोललो नाही.

घरी आल्यावर आईने मसाल्याचा डबा काढला. दगडफुलाच्या एका तुकड्याला झाडाची साल चिकटलेली होती. दरवर्षीच निघते, आम्ही कचरा म्हणून फेकायचो. या वेळी आईने ती वेगळी काढून देव्हाऱ्याजवळ ठेवली.