जी३१ बोर्डावर लिबरऑफिस २४.८ : नोंद तिसरी

मंडळी, रॅम आणि एसएसडीचं रामायण मागच्या दोन नोंदींत झालं. आता मूळ दुखणं.

मशीन तेच, जी३१ मदरबोर्डचा जुना पीसी. ई७४०० कोअर २ डुओ प्रोसेसर, ३२ बिट विंडोज ७. रॅम ४ जीबी लावली, वापरायला मिळते सव्वातीनच्या आसपास. ऑफिस हे धूड काढत नाही, कारण पावत्यांचं जुनं सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टात (जुन्या प्रिंटरचं रुंद सॉकेट) खोचलेल्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या किल्लीशिवाय, उघडत नाही, आणि नव्या पीसीला तो पोर्टच नाही.

अडलं होतं एक्सेल २००७ पाशी. वरून आलेली स्टॉकशीट उघडली की दर व्यवस्थित दिसायचे. कोडच्या सेलमध्ये एक आकडा बदलला, की दराच्या जागी ‘#नेम?’. फॉर्म्युला बघितला तर नावाआधी ‘_एक्सएलएफएन’ चिकटलेलं. आत एक्सलुकअप होता, म्हणजे कोड शोधून त्याचा दर आणणारं नवं फंक्शन, जे २००७ ला ठाऊकच नाही. उघडताना दिसणारे दर म्हणजे फाइलमध्ये साठवलेली जुनी उत्तरं!

लिबरऑफिस या फुकटच्या ऑफिस पॅकेजमध्ये एक्सलुकअप आला २४.८ ला, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये. आणि २५.८ पासून त्यांनी विंडोज ७ सोडलं. बोळ अरुंद आहे, पण आपली सायकल निघते. ३२ बिटची २४.८ उतरवून घेतली.

पहिल्याच डबल क्लिकला ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम’ने सुरू होणारी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची फाइल) सापडत नसल्याची पाटी. विंडोजचा सर्व्हिस पॅक १ होता, पण त्यानंतरचा केबी२९९९२२६ हा अपडेट कधी बसलाच नव्हता. तेवढ्यापुरतं नेट जोडलं (एरवी तोडलेलंच असतं, विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० ला संपले), तर एकही साइट उघडेना. सर्टिफिकेट चुकीचं म्हणे. तासभर ब्राउझरला शिव्या घातल्या. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २००९. बोर्डावरचा सेल मेलेला, म्हणून तारीख मागे गेली आणि सर्टिफिकेटची मुदत जुळेना. घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ सेल आणला, तारीख लावली, अपडेट बसला, लिबरऑफिस उघडलं. एक्सलुकअपचे सगळे दर नीट आले.

पहिल्यांदा उघडायला अजून २० सेकंद लागतात. ऑप्शन्समध्ये जावा बंद केल्यावर हा आकडा आला, आधी अर्धा मिनिट जायचा. पडद्यावर चित्र काढणारं स्कियाही बंद केलं, स्क्रोल करताना उमटणारे पांढरे पट्टे गेले.

मराठीचा घोळ वेगळाच. शीट निर्मला फाँटमध्ये असते, तो विंडोज ८ पासूनचा. इथे त्याच्या जागी मंगल येतो, ओळी फुगतात आणि सहीची जागा एकटीच दुसऱ्या पानावर जाते. शीट बनते तिथल्या आणि इथल्या, अशा दोन्ही मशीनवर मुक्ता फाँट टाकून शीटच त्या फाँटमध्ये करून घेतली. आता सही पानावर आहे.

डॉट मॅट्रिक्सवर मात्र लिबरऑफिसमधून पहिली ओळ अर्धी कापली जाते. कागदाचं माप हाताने भरून पाहिलं, फरक नाही. कुणी १३२ कॉलमच्या प्रिंटरवर हे जमवलं असेल तर मार्जिन किती ठेवलं ते सांगा.