‘रन आउट ऑफ’ : संपते शाई, पण कर्ता आपण

‘शाई संपली.’ या दोन शब्दांत माणूस कुठेच नाही. शाई हाच कर्ता आणि संपणं ही तिची क्रिया. हेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की आपण मराठी वाक्याची घडी तशीच ठेवतो आणि ‘द इंक इज फिनिश्ड’ किंवा ‘द इंक गॉट ओव्हर’ म्हणून मोकळे होतो. आपल्याकडे ते चालून जातं, कारण ऐकणाराही तसंच बोलत असतो. पण जिथे इंग्रजी ही घरची भाषा आहे, तिथे ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून, दुःखातून, धक्क्यातून सावरणं. तिथला माणूस अशा वेळी सहज म्हणतो, ‘वी हॅव रन आउट ऑफ इंक.’

या वाक्यात कर्ता ‘आपण’ आहे, शाई नाही. मराठी माणसाला हे क्रियापद अडतं ते इथेच. अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, पण वाक्य सुरू कुठून करायचं ते चुकतं. ज्याच्याजवळ एखादा साठा होता आणि आता उरलेला नाही, त्याला कर्ता करायचं. तो माणूसच हवा असं नाही. ‘द कार रॅन आउट ऑफ पेट्रोल’, ‘द प्रिंटर हॅज रन आउट ऑफ पेपर’, ‘माय फोन रॅन आउट ऑफ बॅटरी’ ही सगळी रोजच्या वापरातली वाक्यं आहेत. संपलेली वस्तू ‘ऑफ’च्या पुढे येते.

वस्तूला कर्ता केलं तरी चालतं, पण मग ‘ऑफ’ जातो. ‘द मनी रॅन आउट’, ‘टाइम इज रनिंग आउट.’ दोन्ही रचनांची सरमिसळ केली की ‘द मनी रॅन आउट ऑफ’ असं अधांतरी वाक्य तयार होतं आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. कशाबद्दल बोलणं चाललंय हे आधीच स्पष्ट असेल तर माणूस कर्ता असूनही ‘ऑफ’ गळतो. ‘कागद आहे का?’ या प्रश्नाला ‘सॉरी, वी हॅव रन आउट’ एवढं उत्तर पुरतं. बोलताना जोर ‘आउट’वर द्यायचा, ‘रन’वर नाही.

आता ‘ऑफ’बद्दल थोडं, कारण देवनागरी इथे आपल्याला फसवते. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, एक एका एफचा आणि एक दोन एफचा. आपण दोन्ही ‘ऑफ’ असेच लिहितो आणि बरेचदा उच्चारतोही तसेच. ‘रन आउट ऑफ’मधला ऑफ एका एफचा आहे आणि त्याचा उच्चार ‘अव्’च्या जवळ जातो. भरभर बोलताना ‘रॅन आउट ऑफ इंक’ हे ‘रॅनाउटविंक’सारखं ऐकू येतं, म्हणून सिनेमा पाहताना हा ऑफ कानातून निसटतो. लिहिताना दोन एफ पडले तर शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर ते पकडेलच असं नाही, कारण तोही खराच शब्द आहे. ईमेल पाठवण्यापूर्वी ही एक जागा डोळ्यांनी तपासायची.

रूपं अशी : रन, रॅन, रन. तिसरं रूप पहिल्यासारखंच असल्यामुळे ‘वी हॅव रॅन आउट’ ही चूक फार होते. काळ निवडताना मात्र मराठी उत्तम मदत करते. ‘कागद संपत आलाय’ म्हणजे ‘वी आर रनिंग आउट ऑफ पेपर’. अजून थोडा आहे. ‘कागद संपलाय’ म्हणजे ‘वी हॅव रन आउट’, आत्ता नाही. ‘काल कागद संपला’ म्हणजे ‘वी रॅन आउट ऑफ पेपर यस्टरडे’. आज कदाचित आणलाही असेल. तिसऱ्या वाक्यात ‘हॅव’ घालायचा नाही, कारण ‘यस्टरडे’ आणि ‘हॅव’ एका वाक्यात नांदत नाहीत. नुसती सध्याची स्थिती सांगायची तर ‘वी आर आउट ऑफ पेपर’ हे आणखी छोटं. साठा कमी झालाय पण संपलेला नाही, तेव्हा ‘वी आर रनिंग लो ऑन पेपर’. इथे ‘लो’च्या मागोमाग ‘ऑन’ येतो, ‘ऑफ’ नाही.

वस्तूच्या आधी ‘द’ घालण्याची सवयही इथे नडते. ‘वी रॅन आउट ऑफ पेपर’ म्हणजे कागद संपला. ‘वी रॅन आउट ऑफ द हॉल’ म्हणजे आम्ही सभागृहातून पळत बाहेर आलो. पुढे जागेचं नाव आलं की ‘रन’ आपल्या मूळ अर्थाला, म्हणजे धावण्याला परत जातो. विशिष्ट वस्तू दाखवायची असेल तर ‘द’ येतोही, जसं ‘वी रॅन आउट ऑफ द ब्लू फोल्डर्स’. पण एरवी तो नकोच.

आपल्यापैकी बहुतेकांनी ‘रन आउट’ पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते क्रिकेटमध्ये, आणि तिथलं व्याकरण वेगळं आहे. क्षेत्ररक्षक फलंदाजाला धावबाद करतो, म्हणून ‘ही वॉज रन आउट’ हा कर्मणी प्रयोग तिथे बरोबर. तीच सवय कागदाला लावून ‘द पेपर वॉज रन आउट’ म्हटलं की वाक्य चुकलं. साठा संपण्याच्या अर्थाने या क्रियापदाचा कर्मणी प्रयोग होत नाही. वस्तू ‘रन’ आणि ‘आउट’ यांच्या मध्येही घालता येत नाही. ‘रन इट आउट’ नव्हे, ‘रन आउट ऑफ इट’.

मराठीतलं ‘संपणं’ फार ऐसपैस आहे. शाई संपते, सभा संपते, रस्ता संपतो, मुदत संपते. ‘रन आउट ऑफ’ मात्र फक्त वापरून घटणाऱ्या गोष्टींना लागतो. सभा संपली तर ‘द मीटिंग इज ओव्हर’, रस्ता संपला तर ‘द रोड एंड्स हिअर’. मुदतीचं मधलंच काहीतरी आहे. पासपोर्ट, करार, परवाना यांच्यासाठी ‘रन आउट’ चालतो, पण कर्ता ती कागदपत्रंच असतात : ‘माय पासपोर्ट रन्स आउट इन मार्च.’ इथे ‘आय रॅन आउट ऑफ माय पासपोर्ट’ म्हणता येत नाही. औपचारिक पत्रात याच ठिकाणी ‘एक्सपायर’ बरा दिसतो. आणि कुणीतरी सगळं वापरून टाकलं हे सांगायचं असेल तर ‘यूज अप’ : ‘समवन यूज्ड अप ऑल द इंक.’ यात बोट कुणाकडे तरी जातं. ‘वी हॅव रन आउट’ कुणालाच दोष देत नाही, म्हणून कार्यालयीन निरोपात मी तेच सुचवेन.

इंग्रजीतून मराठीत येताना तर प्रत्येक वेळी ‘संपणं’ वापरलं की भाषांतराचा वास येतो. ‘वी रॅन आउट ऑफ टाइम’ याला आपण सहज म्हणतो, ‘वेळ पुरला नाही.’ ‘शी रॅन आउट ऑफ पेशन्स’ म्हणजे तिचा धीर सुटला. ‘वी हॅव रन आउट ऑफ ऑप्शन्स’ म्हणजे पर्याय उरला नाही. ‘द कॅम्पेन रॅन आउट ऑफ स्टीम’ म्हणजे मोहिमेचा जोर ओसरला. स्टीम म्हणजे इंजिनाची वाफ. पुरणं, सुटणं, उरणं, ओसरणं ही सगळी आपली क्रियापदं, आणि प्रत्येकात वस्तू किंवा भाव कर्ता आहे. म्हणून सराव उलटा करावा असं मला ठामपणे वाटतं. ‘पुरलं नाही’, ‘उरलं नाही’ असं मराठी वाक्य घ्यायचं, कुणाला पुरलं नाही ते शोधायचं आणि त्या माणसापासून इंग्रजी वाक्य सुरू करायचं. ‘खुर्च्या पुरल्या नाहीत.’ कुणाला? आम्हाला. ‘वी रॅन आउट ऑफ चेअर्स.’

‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ आला तर अर्थ पार बदलतो. ‘ही रॅन आउट ऑन हिज पार्टनर्स’ म्हणजे भागीदारांना वाऱ्यावर सोडून तो निघून गेला.