तपकिरी फोड

सफरचंद चिरलं, एक फोड तोंडात टाकली आणि फोन वाजला. बोलून परत येईपर्यंत बशीतल्या फोडी तपकिरी. सुरी बोथट, त्यामुळे जिथे गर चेंगरला होता तिथे तर पार चहा सांडल्यासारखा डाग. अशा फोडी ‘खराब झाल्या’ म्हणून मी वर्षानुवर्षं टाकत आले.

खराब काहीच झालेलं नसतं. सफरचंदाच्या पेशीत फिनॉल जातीची रसायनं एका कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या. सुरीने मधल्या भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते, त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो. फिनॉलचं क्विनोन होतं आणि क्विनोनचे रेणू एकमेकांना चिकटत जाऊन हा रंग येतो. क्विनोन बुरशीला आणि किड्यांना मानवत नाही. म्हणजे सफरचंदाच्या लेखी मी एक भली मोठी अळी! वर लिंबू पिळलं की आम्लाने विकर मंदावतं, आणि त्यातलं क जीवनसत्त्व क्विनोनला पुन्हा फिनॉल करून टाकतं. बिचाऱ्याने केलेला बंदोबस्त आपण दिसायला बरं म्हणून मोडतो. चहाची पानं चुरडून मात्र हाच प्रकार मुद्दाम घडवून आणतात. तिथे तपकिरीचं कोण कौतुक.

पळता येत नाही त्याने करायचं काय? कच्च्या फळातला तुरटपणाही टॅनिन या फिनॉलचाच. तुरट ही मला कधी चव वाटलीच नाही. टॅनिन लाळेतली प्रथिनं धरून ठेवतं, ओशटपणा जातो आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. बी अजून तयार नाही, नंतर या, असा निरोप. पानाला रोग लागला की झाडात सॅलिसिलिक आम्ल वाढतं आणि बाकीची पानं सावध होतात. तेही फिनॉलच, डोकं दुखलं की मी गिळते ती अ‍ॅस्पिरिन १८९७ साली त्याच्यापासूनच शुद्ध रूपात बनवली गेली.

बशीखाली जुना पेपर होता, कडांना पिवळा पडलेला. लाकडाचा २० ते ३० टक्के भाग लिग्निन असतो, फिनॉलच्याच कड्या जोडून झालेला. त्याच्या जोरावर झाड ताठ उभं राहतं. स्वस्त कागदात ते उरतं आणि ऊन-हवा लागून पिवळं पडतं.

पेपर तसाच राहू दिला. फोडी खाल्ल्या. कडेला जरा मऊ होत्या, बाकी गोडच.