पाइपसाठी पहिली तंबाखू

पाइप ओढायला नव्याने लागलेला माणूस दुकानात गेला, की त्याच्यासमोर व्हॅनिला, चेरी नाहीतर कॅरॅमलच्या वासाचा डबा हमखास उघडून धरला जातो, आणि तो वास इतका लाघवी असतो की खरेदी तिथल्या तिथे होऊन जाते. माझे म्हणणे असे आहे, की तो वास खोलीत बसलेल्या इतरांसाठी असतो. ज्याच्या तोंडात पाइप आहे त्याच्या वाट्याला त्यातले फार थोडे येते, आणि जे येते ते बहुधा गरम, ओलसर आणि जिभेला चुरचुरणारे असते. पाइपचा धूर छातीत ओढायचा नसतो, तोंडात घोळवून सोडून द्यायचा असतो. एवढ्याने तो निरुपद्रवी ठरत नाही, तोंडाच्या कर्करोगाचा धोका पाइप ओढणाऱ्यालाही आहेच; पण धूर तोंडातच वावरत असल्यामुळे त्याचे जिभेशी जमते की नाही, यावर नवशिक्याचे सगळे अवलंबून असते.

सुवासिक तंबाखू जिभेला का पोळते, याचे कारण तिच्या घडणीत आहे. तिच्यात बऱ्याचदा कॅव्हेंडिश असते, म्हणजे वाफ आणि दाब देऊन मऊ व गडद केलेले पान. त्यावर गोड पाक आणि अर्क चढवतात, आणि डबा उघडल्यावर ती कोरडी पडू नये म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखे ओलावा धरून ठेवणारे द्रव्यही पुष्कळदा घालतात. अशी तंबाखू कागदावर कितीही वेळ पसरून ठेवली तरी हवी तशी सुकत नाही. ओली तंबाखू नीट पेटत नाही, विझते, म्हणून नवखा माणूस जोरजोराने झुरके मारतो. त्याने निखारा तापतो, ओलाव्याची वाफ होते आणि ती सरळ जिभेवर येते. मग ‘पाइप आपल्याला मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. सगळ्याच सुवासिक तंबाखू अशा नसतात, हे खरे. पण चांगली आणि वाईट यांतला फरक पहिल्याच खेपेला कळणे कठीण.

याच्या उलट दिशेने चूक करणारे जाणकारही असतात. ते सांगतात, शुद्ध व्हर्जिनियापासून सुरुवात कर. व्हर्जिनियाचे पान देखणे, पिवळेधमक, त्यात नैसर्गिक साखर भरपूर. १८३९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल परगण्यात स्टीफन नावाचा गुलाम पाने सुकवण्याच्या कोठीत राखणीला होता. त्याला डुलकी लागली, आग विझत आली आणि जाग आल्यावर त्याने घाईने कोळसा टाकून ती भडकवली, तेव्हा पान लखलखीत पिवळे उतरले, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे धूर पानाला लागू न देता फक्त उष्णता देण्याची रीत रुळली. आपल्याकडे आंध्रात सिगारेटसाठी पिकणारी व्हर्जिनियाही अशीच भट्टीत सुकवतात. पण हीच साखर नवशिक्याला नडते, कारण तिच्यामुळे तंबाखू तापून जळते आणि ती सावकाश ओढण्याचा संयम सरावानेच येतो. व्हर्जिनिया ही दुसऱ्या वर्षाची गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

पहिल्या डब्यासाठी मी बर्लीच्या बाजूचा. हे पान हवेशीर छपरीत टांगून सुकवतात, त्यात साखर जवळजवळ उरत नाही, आणि धुराला भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा साधा, खमंग वास असतो. आज वापरात असलेली पांढरी बर्ली १८६४ साली ओहायोत आढळली. तिचे पान सच्छिद्र असल्याने वरून दिलेली चव ते चटकन शोषून घेते. थोडासा कोको किंवा ज्येष्ठमध दिलेली बर्ली पाकात बुडाल्यासारखी वाटत नाही. रेनॉल्ड्स कंपनीने १९०७ मध्ये बाजारात आणलेली प्रिन्स अल्बर्ट याच जातीची, आणि कार्टर हॉलही तशीच. जाणत्यांच्या बैठकीत या नावांना फारसा मान नसतो, कारण अमेरिकेत त्या औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त तंबाखू म्हणून ओळखल्या जात. मला मात्र त्यांचा चुका पोटात घालण्याचा गुण मोठा वाटतो: भरताना थोडी घट्ट झाली, मध्येच विझली, पुन्हा पेटवली, तरी त्या कडू होऊन बसत नाहीत. बर्लीत निकोटीन मात्र कमी नसते, म्हणून उपाशीपोटी ओढू नये. ओढलीच तर उचकी किंवा भोवळ ठरलेली.

पाइपवर पुष्कळ पैसे घालवून तंबाखूचा विचार शेवटी करणारे लोकही भेटतात. अकबराच्या दरबारातल्या असदबेगने विजापूरहून आणलेली तंबाखू सतराव्या शतकाच्या आरंभी बादशहापुढे ठेवली, तेव्हा सोबतचा पाइप जडावाचा आणि मीनाकामाचा होता. हकीम नको म्हणत असताना बादशहाने थोडे झुरके घेतले खरे, पण ती सवय काही त्याने लावून घेतली नाही. ब्रायरच्या, म्हणजे एका झुडपाच्या मुळाकडच्या लाकडाच्या, पाइपात वास मुरतो, म्हणून निरनिराळ्या तंबाखू चाखायच्या असतील तर मक्याच्या कणसाचा स्वस्त पाइप बरा. मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावात तो १८६९ पासून बनत आला आहे.

लाटाकियाची गोष्ट वेगळी. सीरियातल्या बंदराचे नाव लावणारी, पण आता मुख्यतः सायप्रसमधून येणारी ही तंबाखू लाकडाच्या धुरात आठवडेच्या आठवडे टांगलेली असते आणि तिला होळीच्या राखेचा, डांबराचा दर्प येतो. घरातल्यांना तो बहुधा सोसत नाही. ओढणाऱ्याच्या जिभेला मात्र ती गार लागते. पूर्वी डनहिलच्या आणि आता पीटरसनच्या डब्यातून येणाऱ्या ‘अर्ली मॉर्निंग पाइप’मध्ये ती हलक्या हाताने घातलेली असते, आणि दुसरा डबा म्हणून मी तेच सुचवीन. लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात पिंपात दाबून मुरवलेली पेरिक मिरपुडीसारखी झणझणीत असते; तिची घाई नको. निपाणीची तंबाखू भरून पाहू का, असे मराठी माणूस विचारतोच. ती विडीसाठी असते, उन्हात वाळवलेली, बारीक आणि कडक, तिचे कण नळीतून थेट तोंडात येतील.

कोणताही डबा घ्या, तो रिबन कापाचा, म्हणजे सुट्या धाग्यांचा असावा. दाबून केलेल्या वड्या आणि दोरासारखी वळलेली तंबाखू नंतर. चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून सोडावी. गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, तेव्हा अर्धा तास कागदावर पसरावी. दाबल्यावर ती हळूहळू उलगडली तर भरायला हरकत नाही: तळाशी सैल, वर थोडी घट्ट. पहिली काडी ओढल्यावर तंबाखू फुगून वर येते. ती हलकेच दाबून दुसरी काडी लावली की पाइप पुढे बराच वेळ शांतपणे चालतो.