240 मिनिटांची वाटणी

सामन्याच्या दिवशी मी जेवढं बोलतो तेवढं घरी महिनाभरात बोलत नाही, अशी बायकोची तक्रार आहे. खरं तर मी बोलतो काय? "यूटा, चोवीस आत, एक्केचाळीस बाहेर." संपलं. पुन्हा हॉर्न वाजेपर्यंत गप्प.

मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्ज या बास्केटबॉल संघाचे घरचे सामने असतात तेव्हा मी आकडेवाल्यांच्या टोळीत असतो. सगळे माझ्यासारखेच, दिवसा दुसरी नोकरी करणारे. एकाची नजर चेंडूवर, तो तोंडाने सांगत जातो : शॉट कुणी मारला, रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, कुणी घेतला, फाउल कुणाचा. दुसरा ते ऐकून कळा दाबतो. तिसरा मॉनिटरवर उलटतपासणी करतो. आणि माझ्याकडे बदली खेळाडू. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, ते जर्सीच्या नंबराने पुकारायचं. टोळीतलं हे सगळ्यात कंटाळवाणं काम समजलं जातं, म्हणून नव्या माणसाला देतात. मला ते आवडलं, तेव्हा मी तिथेच राहिलो.

आवडण्याचं मूळ नागपाड्यात आहे. मुंबईत वाढलो, घरापासून मस्तान तलावाचं मैदान चालत दहा मिनिटांवर. उंची बेताची, त्यामुळे खेळण्याऐवजी स्कोअरशीट लिहायला बसवायचे. त्या कागदावर खेळाडू मैदानात उतरला की नावापुढे फुली मारायची, पहिल्या पाचांत असेल तर फुलीभोवती गोल. बस. दोन सेकंद खेळलेल्या पोरालाही फुली आणि पस्तीस मिनिटं घाम गाळणाऱ्यालाही फुलीच. कोण किती वेळ खेळला याची नोंद त्या कागदावर कुठेच नसायची. आमच्यातला एक उंच मुलगा दर सामन्यानंतर येऊन विचारायचा, "मी किती खेळलो रे?" मी काहीतरी ठोकून द्यायचो. सात मिनिटं. नऊ मिनिटं. त्याचा चेहरा बघून आकडा वाढवायचो.

इथे तसं चालत नाही. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सामना 48 मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच जण, म्हणजे एका संघाकडे वाटायला 240 मिनिटं. एक मिनिट जास्त नाही, एक कमी नाही. वडिलोपार्जित जमिनीसारखं आहे हे : एकाचा बांध सरकला की दुसऱ्याचं वावर कमी होणार. त्यातही सेंटरची, म्हणजे रिंगखाली उभ्या राहणाऱ्या उंच माणसाची जागा बहुतेक वेळा एकच असते. गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारे, तीन तीन एकदम खेळवता येतात. सात फुटी दोघांना एकत्र खेळवायचं तर प्रशिक्षकाला दहादा विचार करावा लागतो. म्हणून तरुण सेंटरला वेळ हवा असेल तर तो कुणाच्या तरी पानातून उचलावा लागतो.

वॉकर केसलर या तरुण सेंटरचं नाव आमच्याकडे 2022 च्या उन्हाळ्यात आलं आणि लगेच गेलं. जूनच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो बाविसावा निवडला गेला, त्याच रात्रीच्या अदलाबदलीत मिनेसोटाच्या वाट्याला आला, आणि जुलै उजाडताच यूटा जॅझ संघाचा सेंटर रूडी गोबेर याच्या बदल्यात यूटाला दिलेल्या यादीत बसला. त्या यादीत मलिक बीस्ली, पॅट्रिक बेव्हर्ली, जॅरेड व्हँडरबिल्ट, लिआंद्रो बोल्मारो, शिवाय पुढच्या ड्राफ्टांतल्या पहिल्या फेरीच्या चार निवडी. केसलरचं नाव बातम्यांत शेवटी कुठेतरी यायचं, लग्नाच्या याद्यांत 'नारळ, सुपाऱ्या' येतात तसं. ऑबर्न विद्यापीठात तो सामन्यामागे साडेचारहून जास्त शॉट अडवायचा हे आमच्या टोळीतल्या दोघांना ठाऊक होतं. बाकी गावाला एवढंच दिसत होतं की आपण गोबेरसाठी फार मोजले.

तो इथे पहिल्यांदा खेळायला आला 21 ऑक्टोबर 2022 ला. मला तारीख पाठ आहे कारण त्या दिवशी वसुबारस होती आणि घरी पणत्या लावून मी धावत आलो होतो. सगळ्यांचं लक्ष गोबेरकडे, जुन्या संघाविरुद्ध त्याचा पहिलाच सामना. यूटाकडून सेंटरला केली ओलिनिक सुरुवात करत होता आणि केसलर, नंबर चोवीस, बेंचवर.

त्या रात्री माझ्या हातून चूक झाली. फ्री थ्रोनंतर यूटाने एकदम दोघे बदलले. एक माझ्या डोळ्यांसमोरून गेला, दुसरा पंचाच्या पाठीमागून. मी एकच पुकारला. थोड्या वेळाने चेंडूवाला ओरडला, "यूटा चोवीस, रिबाउंड!" आणि कळा दाबणाऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. यंत्र म्हणत होतं, चोवीस नंबर मैदानात नाहीच. सात फुटांहून उंच माणूस समोर धावतोय, आणि माझ्या हिशेबात तो खुर्चीवर बसलाय! व्हिडिओ मागे नेऊन सेकंद दुरुस्त केले, कुणाला कळलंही नाही. पण मला लागलं. रात्रभरात मोजकीच मिनिटं मिळणाऱ्या पोराची मिनिटं मी गिळली होती. नागपाड्यात मी आकडा फुगवून सांगायचो, इथे उलटं केलं.

सामना जादा वेळेत गेला. यूटा 132–126 ने जिंकलं. जादा वेळ पाच मिनिटांचा, म्हणजे त्या रात्रीची बेरीज 265.

पुढचे दोन महिने मी यूटाच्या सामन्यांचे तक्ते उगाच उघडून बघायचो. आधी मिनिटांचा रकाना, मग बाकीचे. ही सवय चांगली नाही, लोक गुण बघतात. तो बेंचवरूनच येत होता. मग डिसेंबरच्या शेवटी ओलिनिकचा घोटा मुरगळला आणि केसलर पहिल्या पाचांत आला. या खेळात बढती अशीच मिळते. दुसऱ्याचा घोटा मुरगळतो. मग प्रश्न एवढाच उरतो, की घोटा बरा झाल्यावर काय?

16 जानेवारी 2023, सोमवार. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुटी, त्यामुळे पोरंटोरं भरपूर. सकाळीच आईचा मुंबईहून फोन. आदल्या दिवशी संक्रांत झालेली.

"आज किंक्रांत आहे हो. नवीन काही काढू नकोस, आणि गाडी सावकाश चालव."

"नवीन काही नाही गं. नेहमीचाच सामना."

"मग तीळगूळ ने त्यांना. कालचं असलं म्हणून काय झालं."

डबा घेतला. पार्किंगपासून मैदानापर्यंत स्कायवे आहेत, इमारतींना जोडणारे काचेचे पूल, त्यामुळे जानेवारीतही मिनियापोलिसमध्ये बाहेरची हवा न खाता पोचता येतं. टेबलापाशी डबा उघडला. 'तीळगूळ घ्या, गोड बोला'चं इंग्रजी करून सांगितल्यावर चेंडूवाला म्हणाला, मला गोड नको, स्पष्ट बोललेलं हवं. त्याचा रोख कळला. यूटाच्या जॉर्डन क्लार्कसनचा नंबर दोन शून्यं आणि आमच्या डिअँजेलो रसेलचा एक शून्य. नंबराआधी संघाचं नाव नाही घेतलं की सगळा घोळ.

आमच्याकडे दुसरा उंच माणूस कार्ल-अँथनी टाउन्स नव्हताच, नोव्हेंबरच्या शेवटी पोटरी दुखावल्यापासून बाहेर. त्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे पहिल्या बारा मिनिटांत, गोबेर जांघेच्या दुखण्याने बाहेर गेला आणि परतला नाही. "मिनेसोटा, सत्तावीस बाहेर." मी पुकारलं तेव्हा मला ते नेहमीसारखंच वाटलं. सेंटर पहिल्या क्वार्टरमध्ये दम खायला बसतातच. तो परत येत नाहीये हे उशिरा ध्यानात आलं, आणि मग आईची किंक्रांत आठवली.

त्यानंतर जे झालं ते मी बघण्याआधी ऐकलं. शेजारून चेंडूवाला : "यूटा चोवीस, रिबाउंड." थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा. "यूटा चोवीस, टिप, बास्केट." कळा दाबणारा पुटपुटला, आज एकच कळ झिजणार. आणि मी मात्र चोवीस हा आकडा उच्चारतच नव्हतो. मध्येच हे माझ्या लक्षात आलं आणि अंगावर शहारा आला म्हटलं तरी चालेल. माझ्या खुर्चीवरून बघितलं तर असं आहे : ज्याचा नंबर सारखा माझ्या तोंडी येतो तो आत-बाहेर करत असतो. ज्याचा येत नाही तो खेळत असतो. ऑक्टोबरात मी त्याला पुकारायला विसरलो होतो. आता पुकारायची वेळच क्वचित येत होती.

सेंटर मैदानात टिकतो कशावर? एनबीएत सहा फाउलला घरी. पण खरी भीती सहाव्याची नसते, दुसऱ्याची असते. पहिल्या क्वार्टरमध्ये दोन झाले की बहुतेक प्रशिक्षक सेंटरला उचलून बसवतात. आणि शॉट अडवणाऱ्या पोराला फाउलचा मोह पावलोपावली. समोरचा चेंडू वर नेल्याचं नाटक करतो, हा उडतो, मग तो याच्या अंगावर येऊन पडतो. शिट्टी. तरुण सेंटर असे उडतातच. केसलर त्या दिवशी बऱ्याचदा उडालाच नाही. दोन्ही हात सरळ वर, पाय जमिनीत रोवलेले, आणि समोरचा आपटला तरी स्वतः जागेवर. सरळ वर उभ्या हातांना फाउल देता येत नाही. बघायला यात काही नाही. प्रेक्षक ओरडत नाहीत, ठळक क्षणांच्या व्हिडिओत ते येत नाही, माझ्या टोळीकडे त्याची कळही नाही. 'उडाला नाही' असा रकाना कुणी केलेला नाही. त्याची नोंद फक्त मिनिटांत होते.

अर्थात गोबेर असता तर एवढे रिबाउंड मिळाले असते का? नसते मिळाले, माझं तरी असंच मत. समोरचा मोठा माणूस गेला आणि रिंगखालची जागा मोकळी झाली. पण मोकळ्या जागेत सगळेच उभे राहत नाहीत. चेंडू कुठे पडेल याकडे सरकायला लागतं, तेही खालचे सगळे वर बघत असताना.

सामना शेवटपर्यंत लोंबकळत राहिला. 126–125, यूटा. केसलरचे 20 गुण, 21 रिबाउंड. वय 21. गोबेरच्या बदल्यात दिलेल्या पोराने हे त्याच मैदानात करावं, याचं इथल्या लोकांना काय वाटलं ते लिहीत नाही. जिन्यावरून उतरणारा एक आजोबा नातवाला सांगत होता, "हा आपला होता." कागदावर जेमतेम दोन आठवडे, पण होता.

त्यानंतर आमचं काम असतं. प्रत्येकाची मिनिटं, सेकंदांसह, बेरीज करून बघायची. यंत्र करतंच, पण मी हाताने करतो. ऑक्टोबरपासून लागलेली सवय. यूटाची बेरीज : 240. मिनेसोटाची : 240. गोबेरची न खेळलेली मिनिटं बाकीच्यांत वाटली गेली होती.

केसलरचं पुढे काय झालं ते बास्केटबॉल बघणाऱ्यांना माहीत आहे. त्या पहिल्या हंगामात 74 सामने खेळला, त्यातले 40 पहिल्या पाचांत, सरासरी 23 मिनिटं. नवोदितांच्या पहिल्या संघात निवड झाली, उन्हाळ्यात मनिलाला अमेरिकेच्या विश्वचषक संघात गेला. आणि दुसऱ्या हंगामात? पुन्हा बरेचसे सामने बेंचवरून. ज्यांना वाटतं की एकदा जागा मिळवली की सातबारा नावावर चढतो, त्यांनी तो हंगाम बघावा. तिसऱ्या हंगामात सरासरी 30 मिनिटांवर गेली, 12 रिबाउंडच्या वर. चौथा सुरू होतो न होतो तोच डाव्या खांद्याची शस्त्रक्रिया, हंगाम संपला. ती मिनिटं मग दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला गेली.

त्या दिवशी डब्यात तीन लाडू उरले होते. चेंडूवाल्याने जाताना दोन उचलले, गोड नको म्हणाला होता तरी. मी स्कायवेने गाडीपर्यंत आलो, सावकाश चालवत घरी पोचलो आणि आईला फोन लावला. मुंबईत मंगळवार उजाडला होता, मागे कुकरची शिट्टी.

"झाला का सामना? कोण जिंकलं?"

"पाहुणे. एका गुणाने."

"म्हणजे तुमचे हरले." आई जरा थांबली. "तरी सांगितलं होतं, किंक्रांत आहे म्हणून."

"अगं, पाहुण्यांनाही किंक्रांतच होती ना."

"त्यांना कुठे माहीत होतं," आई म्हणाली, आणि गॅस बंद करायला गेली.